मधली खुर्ची

३ मार्च

दादा,

अकरा महिने पत्र नाही, फोन नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. 'माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही' असं तू म्हणालास म्हणून गप्प राहिले, असं लिहिलं होतं. खोडलं. ते खरं नाही. दारात येऊ नको म्हणालास, पत्र टाकू नको म्हणाला नव्हतास. मी गप्प राहिले कारण जे लिहायला घ्यायचे ते दुसऱ्या ओळीपासून गोड व्हायला लागायचं, आणि माझा माझ्याच हातावर विश्वास उरला नव्हता.

म्हणून आधी कडू ते लिहिते. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा तुम्हा दोघांचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. मी तुझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "बाबा म्हणतात, मी चुकलो, त्याला घेऊन ये." तू रंधा खाली ठेवलास आणि अंगावरचा भुसाही न झटकता माझ्याबरोबर निघालास. पुढचे चार महिने तू त्यांची दाढी केलीस, कूस बदललीस, भरवलंस. बाबा तसं म्हणाले नव्हते. ते वाक्य माझं होतं.

हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं आईकडून. बाबा गेल्यावर आपण त्यांचं कपाट रिकामं करत होतो, तेव्हा ती बोलता बोलता म्हणून गेली, "चुकलो म्हणणारा माणूस होता का तो!" आणि हसली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी हातातल्या स्वेटरची घडी घालत बसले. तेवढं तुला पुरलं.

आता दुसरी गोष्ट, तीही तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी. गेले सहा महिने मी मध्यस्थ व्हायचं शिकते आहे. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीतली मुद्रितं तपासायची नोकरी चालू आहे. संध्याकाळी आणि शनिवारी केंद्रात जाते. लोकांची भांडणं कोर्टात जाण्याआधी, किंवा कोर्टातून परत आल्यावर, तिथे येतात. तू हे वाचून काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. "डिंकाला आता पाटी लावायचीय." म्हण. लहानपणापासून तूच मला डिंक म्हणत आलास, मी सगळं चिकटवत फिरते म्हणून.

पत्राखाली मी सही करत नाही. रोजनिशीतल्यासारखं उद्याचं एक काम लिहीत असते, ज्यावरून तू चिडवायचास, तेही आज नाही. उद्या काय करायचं ते मला माहीत नाही.

२१ मार्च

दादा,

वहिनीने सांगितलं की तू पत्र फोडलं नाहीस, पण टाकलंही नाहीस. पटाश्या ठेवतोस त्या फळीवर ठेवलंयस. ठीक आहे. फळी लांब आहे, अजून मावतील.

तिथे काय शिकवतात ते सांगते.

खोली साधी आहे. गोल टेबल, सारख्या उंचीच्या खुर्च्या, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा. तो डबा टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा नाही, हा पहिला धडा. मध्ये ठेवला की येणाऱ्याला वाटतं, इथे रडायची सोय केलीय, म्हणजे रडायला हवं. तो खिडकीत ठेवायचा. हात पोचेल इतका जवळ, डोळ्यांवर येणार नाही इतका लांब. जो जास्त घाबरलाय त्याला दाराजवळची खुर्ची.

मग मध्यस्थाने सांगायचं की मी न्यायाधीश नाही, निकाल देणार नाही, कोण बरोबर ते ठरवणार नाही. इथलं बोलणं इथेच राहील. तुम्हाला केव्हाही उठून जाता येईल. मग एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. मग गरज पडली तर दोघांशी वेगवेगळं बसायचं. वेगळ्या बैठकीत एकाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम सगळ्यात कडक. शेवटी काही जमलं तर ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. आणि जमो न जमो, आपली टिपणं दोघांच्या समोर फाडायची.

सव्वीस वर्षं रोजनिशी लिहिणाऱ्या बाईला टिपणं फाडायला लावतात! पहिल्यांदा कागद हातात घेतला तेव्हा माझा हातच उठेना.

आम्ही आठजण शिकतोय. एक नर्स आहे, ती सगळ्यांत तयार. एक वकील आहे, तो साधं "पाणी हवंय का?" विचारतो तरी समोरचा दचकतो. आणि एक फुटबॉलचा निवृत्त पंच आहे. कुणी मध्येच बोललं की त्याचा हात गळ्याशी जातो, शिट्टी शोधायला. शिकवणारे गृहस्थ कामगारांच्या तंट्यांत तीस वर्षं घालवून आलेत. प्रश्न विचारून इतका वेळ गप्प बसतात की आम्ही त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलंय. त्यांना माहीत आहे. तेही त्यांनी गप्प राहून मान्य केलंय.

परवा सराव होता. नर्स वरच्या मजल्यावरची शेजारीण, पंच खालच्या मजल्यावरचा, मी मध्यस्थ. पंच ओरडला, "ही बाई मुद्दाम पहाटे खुर्च्या सरकवते! माणूस आहे की हत्ती?" त्याचं म्हणणं मला माझ्या शब्दांत परत सांगायचं होतं. मी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला झोप मिळत नाही, आणि तुम्हाला वाटतं की त्यांच्याकडून नकळत होत असावं."

मौनीबाबांनी हात वर केला. "थांबा. 'नकळत' कोण म्हणालं?"

पंच म्हणाला, "मी नाही. मी 'मुद्दाम' म्हणालो. ठासून म्हणालो."

"बाई," मौनीबाबा मला म्हणाले, "हत्ती काढलात ते चांगलं केलंत. पण 'मुद्दाम'चं 'नकळत' केलंत. म्हणजे या माणसाचं भांडणच तुम्ही खिशात घातलंत. आता तो कुणाशी भांडणार?"

मग गप्प. घड्याळ ऐकू येईपर्यंत गप्प. मग म्हणाले, "दिवसभर मुद्रितं तपासता ना? तो लाल पेन दाराबाहेर ठेवून येत जा."

सगळे हसले. मीही हसले. घरी येताना बसमध्ये मला करवत आठवली.

तुला माहीत नसलेली गोष्ट आहे. तू दुकान वेगळं काढलंस त्या वर्षी बाबा म्हणाले होते, "त्या गाढवाला सांग, माझी करवत मुकाट्याने परत कर." मी तुला येऊन सांगितलं, "बाबांना करवत हवी होती, सवड झाली की." तू म्हणालास, "म्हाताऱ्याला सांग, गंजलीये, येऊन उचल." मी बाबांना सांगितलं, "दादा म्हणतो, धार लावून पाठवतो." आणि मग दादा, मी ती करवत तुझ्या दुकानातून घेतली, बाजारामागच्या धारवाल्याकडे नेली, धार लावली आणि बाबांना दिली. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं." तेवढ्या एका 'हं'वर मी महिनाभर खूश होते.

सहा वर्षं मी हे करत होते. शेवटचं वाक्य काही आभाळातून पडलं नाही.

१८ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर आलं, पण मला नाही. केंद्राला आलं. मी तिथे जाते हे आईने तुला सांगितलं असणार.

संचालिका बाईंनी बोलावून तुझी तक्रार पुढ्यात ठेवली. तुझं अक्षर पाहून आधी बरंच वाटलं, हेही सांगून टाकते. 'ही व्यक्ती लोकांच्या तोंडी वाक्यं घालते. हिला दोन माणसांच्या मध्ये बसू देऊ नये. माझ्या वडिलांच्या बाबतीत जे केलं ते उद्या ती कुणाच्याही बाबतीत करील.' चार ओळी. सांधा असा बसवलायस की पातं शिरणार नाही.

बाई डोक्यावर एक आणि नाकावर एक चष्मा लावतात आणि बोलताना तिसरा शोधतात. त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांनी मध्यस्थांची यादी लागते. तुमचं नाव त्यात घालायचं की नाही, हा प्रश्न आहे. तक्रार खोटी आहे?"

"नाही. शब्दन् शब्द खरी आहे."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं काही नाही. पण मी आपण होऊन नाव मागे घेणार नाही. तुम्हाला काढायचं तर तुम्ही काढा, कारण लिहून काढा. मी माझ्या हाताने खोडणार नाही."

बाहेर आल्यावर जिन्यात बसले. अहंकार आहे का हा, असं स्वतःला विचारलं. असेलही. पण तू लिहितोस की असं करणाऱ्या बाईने या कामात पडू नये, आणि इथे मी तुला साफ नाही म्हणते. मी काय केलं ते मला ठाऊक आहे. वाक्य कुठे वाकतं, कोणत्या क्षणी जीभ गोड होते, समोरच्याचा चेहरा उजळताना पाहून आपल्याला कसली नशा चढते, हे त्या आठजणांत मला सगळ्यांत जास्त माहीत आहे. वकिलाला ते पुस्तकातून कळेल. मला माझ्या घरातून कळलंय. तू तक्रार केलीस म्हणून मी घरी बसणार नाही. आणखी दहा केल्यास तरी नाही.

ते चार महिने चोरीचे होते, असं तू आईला म्हणालास म्हणे. यावर मी पानभर लिहिलं होतं की हात तर तुझेच होते, वस्तरा तूच धरला होतास, त्यात खोटं काय? ते पान फाडलं. ते चार महिने काय होते, हे ठरवायचा हक्क तुझा आहे.

एक मात्र मला झोपू देत नाही. तू त्यांचा हात धरून म्हणालास, "बाबा, मी तुम्हाला माफ केलं." आणि ते म्हणाले, "कशाबद्दल?" तू बाहेर येऊन मला सांगितलंस, "आजारात विसरलेत गं सगळं." डोळे पुसत सांगितलंस. आणि मी म्हणाले, "हो रे, विसरलेत."

दादा, त्या "हो रे"ची माफी मी अजून मागितलेली नाही. ती मागते.

९ मे

दादा,

काल पहिल्यांदा खऱ्या केसमध्ये बसले, मौनीबाबांच्या जोडीला. यादी लागेपर्यंत त्यांच्या देखरेखीखाली बसता येतं.

केस सांगता येणार नाही. दोन माणसं होती, इतकंच. बाई होत्या की पुरुष, भाऊ होते की शेजारी, तेही नाही. दोघांनाही 'तो' म्हणते, त्यावरून काही ठरवू नकोस. रोजनिशीत कालच्या पानावर फक्त 'गेले. आले.' एवढंच लिहिलंय. सव्वीस वर्षांतलं सगळ्यांत छोटं पान. पण मी काय केलं ते सांगता येतं, कारण ते माझं आहे.

वेगळ्या बैठकीत एकजण माफीच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आला. पाऊल उचललं आणि परत मागे घेतलं. मी विचारलं, "हे त्यांना सांगू का?" तो म्हणाला, "नको." मी म्हणाले, "तुम्ही सांगाल?" तो म्हणाला, "बघतो." नंतर पाणी भरायला मी बाहेर आले, तर दुसरा व्हरांड्यात उभा. त्याने विचारलं, "तो काही म्हणाला का हो?"

तोच चेहरा, दादा. तू रंधा खाली ठेवलास तेव्हाचा. एक वाक्य टाकलं असतं की उजळला असता. जिभेच्या टोकावर होतं, चांगलं घासूनपुसून. मी जग घट्ट धरला आणि म्हणाले, "त्यांना तुम्हीच विचारा. मी तिथे बसलेली असेन."

त्याने विचारलं नाही. पहिल्याने सांगितलं नाही. तासाभराने दोघे उठले आणि वेगवेगळ्या जिन्यांनी खाली गेले. केस मोडली. कोर्टात जाईल.

मी टिपणं फाडली. या वेळी हात उठला.

मौनीबाबा खुर्च्या सरळ करत होते. मी म्हणाले, "सर, मला एका वाक्यात हे मिटवता आलं असतं."

"हो," ते म्हणाले. शेवटची खुर्ची टेबलाशी सरकवली. मग म्हणाले, "किती दिवस टिकलं असतं?"

मला उत्तर माहीत होतं. चार महिने आणि एक कपाट.

माझी पहिली केस मोडली आणि मी ताठ मानेने घरी आले. हस हवं तर.

१७ मे

दादा,

तुझं पाकीट चार दिवसांपूर्वी मिळालं. आत एकच ओळ: 'त्या दिवशी बाबा नक्की काय म्हणाले?'

म्हणजे पत्रं फोडलीस. चारही.

आणि संचालिका बाईंचाही फोन आला. त्यांनी तुला विचारलं होतं की तक्रारीचा निर्णय होण्याआधी बहिणीसमोर बसायची तयारी आहे का, आणि तू हो म्हणालास. उद्या अकरा वाजता. मध्यस्थ मौनीबाबा. मी पक्षकार. यादीचं काय करायचं ते त्यानंतर बाई ठरवतील, आणि जे ठरेल ते मी ऐकेन. पण नाव मागे घे असं तू सांगितलंस तर घेणार नाही, हे आजच सांगून ठेवते. उद्या त्यावर वेळ घालवू नकोस.

आता तुझा प्रश्न. रोजनिशीतलं ते पान समोर आहे. शब्द जसेच्या तसे उतरवते, एकही पुसत नाही.

मी विचारलं होतं, "दादाला काय सांगू?"

ते म्हणाले, "सांग, मी बोललो ते खरंच होतं. त्याने बनवलेल्या त्या खुर्चीचे सांधे ढिलेच होते. गिऱ्हाइकांच्या देखत ती उलटी करून हसायला नको होतं, असं तुझी आई म्हणते. ते आईचं म्हणून सांग. माझं म्हणून नको."

हे त्यांनी निरोप म्हणून दिलं होतं. हे मी तुला द्यायला हवं होतं. तू चिडला असतास, कदाचित आला नसतास, किंवा तावातावाने येऊन त्यांच्याशी भांडला असतास आणि ते मोठ्या खुशीने भांडले असते. ते भांडण तुमचं होतं. ते मी खिशात घातलं.

पण पान इथे संपत नाही, आणि हे तुझ्यापासून लपवणार नाही. त्यानंतर ते म्हणाले, "आता सांगतो ते त्याला सांगू नकोस." आणि एक वाक्य बोलले.

ते वाक्य मी सांगणार नाही.

गंमत बघ. जे सांग म्हणाले ते मी बदललं, आणि जे सांगू नको म्हणाले ते मात्र पाळलं. आता परवानगी विचारायला ते नाहीत. तू रागावशील, उद्या टेबलावर हात आपटशील, आपट. हा नियम पाळते आहे की तुझ्या तक्रारीचा सूड घेते आहे, असं मी स्वतःला तीन दिवस विचारते आहे. थोडा सूड आहे. तोही तुला कळलेला बरा. पण बाकीचं सगळं सुडाशिवायही तसंच राहतं. माणसाने झाकून ठेव म्हटलेलं मी झाकून ठेवीन. तुझ्यासाठीही, उद्या येणाऱ्या परक्यांसाठीही, आणि ज्याच्या तोंडी मी एकदा खोटं वाक्य घातलं त्या माणसासाठी तर नक्कीच.

आता माझं. पक्षकाराला पंधरा मिनिटं मिळतात, कुणी मध्ये बोलायचं नाही. मी कधी घेतली नव्हती, उद्या घेणार आहे. कच्चं इथे लिहिते.

तुम्ही दोघे रुसलात आणि मला टपालपेटी केलीत. तुझं दुकान आणि बाबांचं दुकान यांत दोन गल्ल्या होत्या. चालत चार मिनिटं. सहा वर्षं ती चार मिनिटं मी चालले, कारण तुम्हा दोघांतल्या एकालाही चालायचं नव्हतं. कुणी विचारलं नाही, "डिंक, तुला हे करायचंय का?" जेवायच्या टेबलाशी लहानपणापासून माझी खुर्ची तुमच्या दोघांच्या मध्ये, म्हणजे त्यांचा हात तुझ्यापर्यंत पोचू नये आणि तुझी जीभ त्यांच्यापर्यंत. आठ वर्षांची होते मी. तुम्ही एकमेकांना शिव्या माझ्याकडे बघून दिल्यात. मी त्या गिळून दुसऱ्या बाजूला साखर काढून दिली. मी खोटं बोलले, दादा, आणि त्याची माफी मागितली, उद्या पुन्हा मागेन. पण तुम्हाला दोघांनाही ते खोटं हवं होतं. सहा वर्षं बाबांचे निरोप लोण्यासारखे मऊ येत होते, आणि बाबांना ओळखणाऱ्या तुला एकदाही शंका आली नाही? तू सांधे बोटाने चाचपून ओळखतोस. हा कधी चाचपला नाहीस.

याबद्दल मला तुझ्याकडून काहीतरी ऐकायचं आहे. काय, ते मी सुचवणार नाही. तुझं वाक्य तू कर. ढिलं झालं तरी चालेल.

आज टाकलेलं पत्र उद्या अकराच्या आत पोचणार नाही, म्हणून संध्याकाळी तुझं दुकान बंद झाल्यावर दाराखालच्या फटीतून सरकवीन. काळजी करू नकोस, दारात पाऊल टाकणार नाही. रस्त्यावर उभी राहून वाकेन.

खिडकीतला रुमालांचा डबा तुझ्या बाजूला असेल. तो मी ठेवलेला नाही.

उद्या : मधली खुर्ची सोडून बसायचं.